दाराजवळची जागा

नाही नाही, माझ्यापुढे नका ठेवू ते, मामा — उचला, आधी उचला — मी दार उघडलं म्हणून काय मी या घरातली मोठी झाले का? मी रंजिला. तुम्हाला हवी ती डल्सी. मिलावर रागावली ती डल्सी, माफी मागायची ती डल्सीची, आणि डल्सी बँकेतून येते साडेपाचला, म्हणजे अजून दीड तास आहे — तोवर ही माफीची जुडी, यांगोनाच्या वाळक्या मुळांची, माझ्या पायाशी पडलेली मला नाही चालायची. कसंतरी होतं मला. बरं, मधे सरकवलीत? राहू दे मधे. ना तुमच्याकडे ना माझ्याकडे. पण तुम्ही असे दाराला चिकटून जमिनीवर का बसलात — तिथे चपला असतात हो, आणि खाली शिंप्याचं दुकान आहे ना, त्याचे सगळे धागे आणि धूळ दाराखालच्या फटीतून वर येते — हा सोफा आहे की. डावीकडे नका बसू, तिथली स्प्रिंग वर आलीय, उजवीकडे बसा. नाही? बरं. नाही तर नाही.

तुम्ही मिलाचे मामा हे कुणी सांगायला नको, कपाळ तेच, आणि काही विचारलं की खाली बघायची सवयही तीच. वातुलेले बेटावरून आलात म्हणजे पहाटेच होडीत बसला असाल, मग किनाऱ्यावर उतरून बस, आणि बस प्रत्येक गावाला थांबणार, कोंबड्या चढणार, कोंबड्या उतरणार — चहा टाकते. लिंबाच्या पानांचा, तुमच्याकडे करतात तसा, मिलानंच शिकवला मला. नको? मग पाणी तरी. पाणीही नको. हां — आठवलं आता. मिला सांगायची, मामाचं सगळं जुन्या पद्धतीचं, माफी पदरात पडेपर्यंत मामा त्या घरचं पाणी घेत नाही, माफीशिवाय दुसरं बोलत नाही, वर बसत नाही. मला वाटायचं ती वाढवून सांगते. आणि हे काखेत गुंडाळलेलं काय आहे ते मी विचारत नाही, तेही डल्सीसाठीच असणार. मी आपली बोलत बसते, तुमचं काही म्हणणं नसेल तर. मी दमले की जास्त बोलते. माणसं दमली की गप्प होतात, माझं उलटं आहे, आई म्हणते हिला झोप आली की हिचं तोंड सुटतं. पहाटे तीनपासून उठलेय मी, बेकरीत आहे ना, सकाळचे पाव आमचे, क्रीमबन आमचे, दुपारी घरी येऊन झोपते ती संध्याकाळपर्यंत. आज झोपणारच होते, तेवढ्यात तुम्ही दार वाजवलंत. अलीकडे तशीही झोप लागत नाही म्हणा. ते जाऊ दे.

तर आम्ही तिघी. तुम्हाला मिलानं सांगितलंच असेल, पण तिचं सांगणं म्हणजे सगळे चांगले, सगळे प्रेमळ, त्यातून काही कळत नाही. मी लंबासाची, उसाच्या गावची, घरी सहा माणसं आणि एक स्नानघर, त्यामुळे मला कशाचंच काही वाटत नाही — फक्त माझ्या कढईत बीफ शिजवायचं नाही, एवढं एकच. डल्सी लेवुकाची. तिला कशाचंही वाटतं. उशांच्या खोळींना इस्त्री करते ती, मामा. खोळींना. त्यावर डोकं ठेवणार, चुरगाळणार, तरी इस्त्री. हा फ्रीज बघा, बसल्या जागेवरून दिसतोय ना, त्यावर तो कागद लावलाय — अटी. नऊ आहेत. मी पहिल्या दिवशी वाचल्या आणि मान हलवली, कारण या सुवा शहरात खोली मिळते कुठे. मिलानंही वाचल्या. चौथी अट अशी की एका वेळी एकच पाहुणा आणि तोही एकच रात्र. मिला म्हणाली, बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी तुमची एक बहीण आली, दोन पोरी घेऊन, आणि नारळाच्या झावळीत बांधलेले जिवंत खेकडे. अकरा दिवस. डल्सी त्या कागदापाशी उभी राहिली, बोट ठेवलं चौथ्या ओळीवर. मिला म्हणते, पण पाहुणे कुठे आहेत, डल्सी? ही माझी मावशी आहे.

आणि खरं सांगते, तिला कळलंच नव्हतं. नाटक नव्हतं ते. डल्सीला मात्र वाटायचं नाटक आहे. तिची विजेची किटली होती, इथं ओट्यावर असायची. मिलाची चुलतबहीण वासेवा आली, म्हणाली, बाई गं, किती लवकर उकळतं यात, मला दे ना. झालं. आता तुमच्यात मागितलं की द्यायचं, नाही म्हणायचं नाही, हे मला माहीत आहे, आमच्या शेजारी तुमचीच माणसं होती लहानपणी, आमची अर्धी भांडी त्यांच्याकडे आणि त्यांची अर्धी आमच्याकडे — पण डल्सीला नको का माहीत असायला? डल्सी संध्याकाळी विचारते, माझी किटली? मिला हसत हसत — वासेवाला दिली, तिला हवी होती. डल्सी म्हणते, अगं पण ती माझी होती. मिला म्हणते, हो ना, तेच सांगितलं मी तिला, ही डल्सीची आहे, डल्सी फार चांगली आहे. डल्सी आपल्या खोलीत गेली आणि इस्त्री करत बसली. मग छत्री गेली. मग डल्सीचे पांढरे बूट गेले, ते बिचारे जिला दिले तिच्या पायात जातसुद्धा नव्हते, तिनं ते पुढं कुणाला दिले. पण एक आहे — मिलानं कधी लपवलं नाही. एकदासुद्धा नाही. दिली तर दिली म्हणायची. तोंडभर हसून म्हणायची. आणि उलटंही करायची की ती, एकदा डल्सीच्या तोंडून निघून गेलं, तुझी चटई सुंदर आहे, तर दुसऱ्या दिवशी चटई डल्सीच्या पलंगावर. डल्सी परत करते, ही पुन्हा नेऊन घालते. तीनदा. शेवटी डल्सीच थकली, अजून तिच्या पलंगावर आहे ती चटई. ती काढलेली नाही तिनं. एवढं सगळं झालं तरी काढलेली नाही. मी रोज बघते.

तुम्ही पुन्हा ती जुडी माझ्याकडे सरकवलीत की काय? नाही? मला तसं वाटलं. असू दे.

हे माफीचं मला ठाऊक आहे, मामा, म्हणून तर दचकले मी तुम्हाला दारात बघून. एकदा माझ्यासमोर झालंय ते. कढईचंच. माझ्या आजीची लोखंडी कढई, लंबासाहून मांडीवर घेऊन आणली मी बोटीतून, आणि मिलानं त्यात डब्यातलं बीफ परतलं. कांदा घालून. मी झोपेतून उठले ती वासानं. मला नाही जमत भांडायला, मी मागच्या गॅलरीत बसून राखेनं कढई घासली आणि रडले, घासली आणि रडले, दोन दिवस चाललं ते. डल्सी म्हणाली, अगं नवी आण. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं, उघडते तर बाहेर मिला, स्वतःच्याच घराच्या बाहेर, चांगला झगा घालून, खाली मान, आणि तिच्याशेजारी नाक्यावरचा टॅक्सीवाला. मी म्हटलं, काय झालं, अपघात झाला का? दोघं आत आले, आणि बसले — इथेच, तुम्ही बसलात तिथेच, चपलांपाशी — आणि टॅक्सीवाल्यानं अशीच एक जुडी पुढं ठेवली आणि बोलायला लागला. मला तुमची भाषा अर्धी कळते, पण तो असा काही बोलला ना, की मिलाचा बाप मेला असता तरी याहून जास्त दुःखानं बोलला नसता. कढईसाठी. मला हसू आवरेना. मी म्हटलं, ऊठ गं येडे, काय चाललंय हे. ती उठेना. टॅक्सीवाला घामाघूम, त्याचं भाडं खाली हॉर्न वाजवतंय, आणि ही उठेना, मान वर करेना. अर्धा तास. शेवटी तोच मला हळूच म्हणाला, ताई, जुडीला हात लावा आणि टाळ्या वाजवा, नाहीतर आम्हाला उठता येत नाही. मग मी हात लावला. टाळ्या वाजवल्या, अशा, तळवे खोलगट करून. आणि मिलानं वर बघितलं तेव्हा तिचं तोंड इतकं रडून सुजलेलं की माझं हसू गेलं कुठल्या कुठे. नंतर विचारलं मी तिला, तू स्वतः का नाही गं बोललीस, त्या टॅक्सीवाल्याला कशाला आणलंस? तर म्हणाली, ज्यानं चूक केली त्यानं बोलायचं नसतं, रंजिला. तो बोलला की स्वतःची बाजू सांगतो. म्हणून बोलणारा दुसरा लागतो, आणि चुकणाऱ्यानं नुसतं बसायचं. टॅक्सीवाला शेजारच्या बेटावरचा होता, नात्यात बसत होता कुठेतरी, म्हणून पकडून आणलेला.

तर असं आमचं घर होतं. चाललं होतं बरं. मी उगाच नाही म्हणणार, रोज काहीतरी असायचं, डल्सी फ्रीजच्या कप्प्यांना चिकटपट्ट्या लावायची, वरचा तिचा, मधला माझा, खालचा मिलाचा — आणि मिला अख्खा मासा आणून डल्सीच्या दह्यावर आडवा ठेवायची, डोक्यासकट, कारण खालच्या कप्प्यात शेपूट मावत नाही. पण तिघी मिळून जेवायचो रविवारी. डल्सी मिलाच्या इंग्रजीच्या चुका काढायची आणि मिला डल्सीला तुमची भाषा शिकवायची, आणि डल्सीला ती फार हवी होती, मामा, ती भाषा. तुम्ही तिला बघाल ना आता, तर म्हणाल ही कोण गोरी. सगळेच म्हणतात. बाजारात भाजीवाल्या तिला पर्यटक समजून हातवारे करून दाखवतात, आणि ही इथे जन्मलेली, हिचा बाप इथे जन्मलेला. हिची पणजी तुमच्यातली होती. लाऊ बेटांकडची. त्या पणजीचं एकच काही राहिलं होतं हिच्याकडे. सालीचं कापड. मासी म्हणता ना तुम्ही, ती. पणजीनं स्वतः साल कुटून केलेलं, स्वतः रंगवलेलं, तिच्या लग्नात अंगावर घेतलेलं. डल्सी कुणाला दाखवायची नाही, पण आम्हाला दाखवली होती, पलंगावर पसरून, आणि हात धुऊन यायला लावलं होतं आधी. म्हणाली, मला कुणी विचारलं ना, तू इथली कशी, तर माझ्याकडे दाखवायला एवढंच आहे.

तीच गेली. तीन आठवडे झाले बुधवारी. बुधवारी ऊन पडलं होतं. सुव्यात ऊन म्हणजे तुम्हाला माहीत आहे, महिन्यातून कधीतरी, आणि त्या कापडाला कपाटात ओलीचा वास यायला लागला होता, म्हणून डल्सी दुपारच्या सुट्टीत घरी आली, ते मागच्या गॅलरीत कठड्यावर पसरलं, चिमटे लावून, आणि परत बँकेत गेली. मिला कॉलेजात. मी कामावरून येऊन झोपलेली. झोपले होते मी. संध्याकाळी डल्सी आली तर कठडा रिकामा. मला विचारलं, मी म्हटलं, मी झोपले होते. मग मिला आली. डल्सी ओरडली नाही, मामा. ओरडली असती तर बरं झालं असतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, कुणाला दिलीस, एवढंच सांग, मी जाऊन मागून घेते. कारण त्याच आठवड्यात तुमच्याकडचं कुणाचं लग्न होतं ना सुव्यात, माणसं येत-जात होती इथे, कठड्यावरची मासी कुणीतरी बघितली असणार. मिला म्हणाली, मी नाही दिली. एकदाच. हळू. आणि डल्सी म्हणाली, या घरातून जे जे गेलं ते तूच दिलंस. मिला मान खाली घालून आत गेली. त्या रात्री जेवली नाही ती, आणि सकाळी ती निघून गेलेली, तुमच्याकडे गावी, आणि तिचा खालचा कप्पा रिकामा होता, पुसून काढलेला, चिकटपट्टीसुद्धा सोलून काढलेली. डल्सी म्हणाली, येऊन माफी मागितली तर राहू दे, नाहीतर नको. ते कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवलं, आणि तुम्ही आलात.

सोमवारपासून तिला शाळेवर जायचंय शिकवायला, माहीत आहे ना? परीक्षेचाच भाग आहे तो. तुमच्या गावाहून काही तिथे रोज येता येत नाही. सोमवारी ती इथे नसली तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की तिला पुन्हा कोण पाठवतंय. म्हणून मी म्हणते, तुम्ही आलात ते फार चांगलं केलंत. डल्सी हात लावेल जुडीला, मी सांगेन तिला टाळ्या कशा वाजवायच्या, मिला येईल, संपलं. आजचा गुरुवार, रविवारी तिघी जेवायला. किती दिवस झाले मी ताटं तीन घेते आणि एक परत ठेवते. डल्सी बघते. घर असं स्वच्छ असतं ना आता, मामा, की बसवत नाही. फ्रीज उघडला तर कशाचा वास नाही. मला ती आठवते हो. सारखी आठवते. ओव्हनपाशी उभी असते मी, आणि वाटतं, आज घरी गेल्यावर काय गोंधळ घालून ठेवला असेल तिनं — आणि मग लक्षात येतं.

पण तुम्ही तिला विचारलंत का? दिली की नाही दिली, खरं काय ते? नाही. मान हलवता म्हणजे नाहीच. विचारलंच नाही. आमच्यात आधी तेच विचारतात, उलटसुलट विचारतात, शेजारी येऊन विचारतात. तुमच्या पोरीमुळे एक घर दुखावलं, एवढं पुरतं का तुमच्यात? बरं आहे. बरंच आहे म्हणायचं.

मग ते कापडच असणार काखेत. भरपाई. मी आत जाते, तुम्ही उघडा हवं तर, प्रवासात चुरगळलं असेल — नाही, थांबा, मी धरते टोक, जमिनीला नका लावू — केवढं मोठं आहे हे. आणि रंग बघा, ताजा. तुमच्या बेटावरच्या बायकांचा हात काय — ही कासवं आहेत का किनारीला? कासवं. एक उलटं फिरलेलं. कोपऱ्यात एकच कासव उलटं फिरलेलं.

ही मिलाची आहे.

फोनवर दाखवली होती तिनं मला, मामा. तुमच्या बायकोनं आणि मिलाच्या आजीनं मिळून केली, आणि आजीची नजर गेली होती म्हणून एक कासव उलटं झालं, आणि मिला म्हणाली, ते मी बदलू दिलं नाही, माझ्या लग्नात मी हीच नेसणार, उलट्या कासवाची. ही तुम्ही डल्सीला द्यायला आणलीत? आणि मिला हो म्हणाली? हो म्हणाली. म्हणणारच. मागितलं की द्यायची. गुंडाळा ती, मामा. गुंडाळा नीट, घट्ट, आणि गॅलरीकडे अजिबात नेऊ नका, आणि घरी नेताना होडीत वर प्लास्टिक घाला, कारण हे पाण्यात गेलं ना की काही उरत नाही — भिजलेल्या पापडासारखं हातात येतं, उचलायला गेलं की तुटतं, आणि रंग सगळा फरशीवर उतरतो, तपकिरी, तीनदा घासली मी फरशी तरी कडेला —

काय बघताय असं.

बरोबर. मी म्हटलं झोपले होते. झोपलेच होते. ते खोटं नाही. डल्सी परत बँकेत जाताना माझ्या दारात आली होती, म्हणाली, रंजिला, ढग आले की आत घेशील? मी म्हटलं, घेते ना. अशी पालथी पडून म्हटलं, डोळे न उघडता, घेते ना. आणि दमले होते हो मी, नऊ तास उभी होते ओव्हनपाशी. पाऊस आला ते मला कळलंच नाही. उठले तेव्हा गटार भरून वाहत होतं आणि कठड्यावर नुसते चिमटे. ती खाली फरशीवर होती. गोळा झालेली. मी उचलायला गेले — मी सांगितलं ना, तुटते. मैद्याची गोणी होती बेकरीतली, तिच्यात भरली मी, आणि बाजारामागे कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकली, आणि फरशी पुसली, आणि म्हटलं, डल्सी आली की सांगते. देवाशपथ, सांगणारच होते. पण ती आली आणि मला म्हणाली — आधी मला म्हणाली, मामा — रंजिला, या घरात एक तू आहेस म्हणून मला कुलूप लावावं लागत नाही. आणि मग विचारलं, मासी कुठाय. आता यानंतर कसं सांगायचं? तुम्हीच सांगा. मी म्हटलं, मी झोपले होते. एवढंच. मी मिलाचं नाव घेतलं नाही. मी कुणाचंच नाव घेतलं नाही. ते डल्सीनं घेतलं. मला घ्यावंच लागलं नाही.

आणि मिला नाही म्हणाली ना, तेव्हा तिनं डल्सीकडे बघितलं नाही. माझ्या पायांकडे बघितलं. मी पोछा पिळत होते, आणि माझ्या टाचा तपकिरी झाल्या होत्या त्या रंगानं, मला नंतर अंघोळ करताना दिसल्या. ती सालीच्या कापडाच्या गावची पोर. तिला काय रंग ओळखता येत नसेल? बघितलं तिनं, आणि मान खाली घातली, आणि गेली. तीन आठवडे मी हेच मोजतेय की तिनं बघितलं की नाही. नसेल बघितलं, असं म्हणते मी रात्री. नसेल. आता तुम्ही तिचं हे कापड घेऊन आलात तेव्हा कळलं, माझं झाकायला देतेय ती. बघितलं तिनं. बघितलं, आणि ज्या पोरीनं कढईसाठी टॅक्सीवाला आणला, तिला मी एका शब्दानं —

नका देऊ तुमचा रुमाल मला. डोळे पुसायला माझी ओढणी आहे.

मी विचार केला होता, तुम्ही बसाल, डल्सी टाळ्या वाजवेल, सगळं मिटेल, आणि मिला परत येईल, आणि मी तिच्यासाठी रोज क्रीमबन आणेन, जन्मभर आणेन. पण ती येईल कशी, ती चोर म्हणून येईल. मासी हरवणारी म्हणून येईल, स्वतःच्या लग्नाची मासी देऊन. डल्सी ती कपाटात ठेवेल, आणि उन्हात घालेल, आणि मला सांगून जाईल, ढग आले की आत घे. आणि मी घेते ना म्हणणार का?

नाही जमायचं, मामा. उचला तुमची. म्हणजे मासी उचला, काखेत धरा, ती मिलाची आहे, परत जाऊ दे. जुडी नका उचलू. जुडी राहू दे इथेच. थोडी पुढे घेते मी. माझा हात लागला तर चालतो ना, म्हणजे मी स्वीकारली असं नाही ना होत? नाही. आता ती माझी आहे, माझ्याकडून डल्सीपुढे ठेवायची. तुम्हाला बोलायला लागेल पण. मला बोलता येणार नाही, मी बोलायला लागले की माझी बाजू सांगते, बघितलंत ना इतका वेळ. मी दमले होते, मी झोपले होते, मी नऊ तास उभी होते. तुम्ही सांगा तिला, काय झालं ते, सरळ. ती चिडेल. कदाचित माझाच कप्पा रिकामा करायला सांगेल, सांगू दे. पण मिला सोमवारी शाळेत पाहिजे, तेवढं बोला. टॅक्सीवाला कढईसाठी बोलला, तुम्ही यासाठी बोलाल ना? तुमच्या नात्यातली नाही मी, पण तुमच्या भाचीबरोबर एका ओट्यावर जेवलेय वर्षभर. बसतं का कुठे? मान हलवलीत म्हणजे हो ना?

ऐका — जिना वाजतोय. शिंप्याशी बोलतेय खाली, तीच. लवकर आली आज. टाचा तिच्याच आहेत, खट खट, नीट मोजून टाकल्यासारख्या. आता वर येईल, बूट काढेल, सरळ रेषेत ठेवेल, मग दार उघडेल.

सरका जरा, मामा. त्या चपला तिकडे लोटा. मला बसू द्या तिथे.